हरणाबाईचा हात

हरणाबाईला आमच्या गावात नावानं कुणी हाक मारली नाही. "धनगरीण" म्हणायचे, फार तर "बिराप्पाची बाई". दिवाळी झाली की जतकडच्या माळावरनं त्यांची मेंढरं कृष्णाकाठाला उतरायची, इस्लामपूरच्या आजूबाजूच्या गावांत रिकाम्या रानांत बसायची आणि पावसाळ्याआधी पूर्वेला परतायची. मेंढरं बसली की रानाला खत होतं, म्हणून मेंढरं सगळ्यांना हवी असायची. बाई नको असायची. आमच्या घरी तिला पाणी द्यायचे ते अंगणाच्या कडेला, वरनं ओतून. हे काही मी मोठेपणानं सांगत नाही, पण सांगायचंच तर सगळं सांगितलं पाहिजे.

बाई उंच, वाळकी. कपाळावर गोंदण, अंगावर जाडंभरडं लुगडं, हातात लोकर कातायची टकळी. बोलणं बेताचं. मेंढरू लंगडायला लागलं की बिराप्पा आधी खूर बघायचा, ही मानेपासून हात फिरवत यायची, सावकाश, बोटांनी दाबत दाबत. मी एकदा विचारलं तर म्हणाली, "ते काय तोंडानं सांगतंय व्हय कुठं दुखतंय ते? हातानं इचारायचं." मला तेव्हा हसू आलं होतं.

आता तालमीचं सांगतो. साठ वर्षं झाली, पण त्यातलं काही विसरलेलो नाही.

आमची तालीम वेशीजवळ. दगडी भिंती, एकच दार, खिडकी नाही, वर दोन झरोके. आत तेल-ताक-हळद घालून मळलेली लाल माती, कोपऱ्यात मारुती. बाईमाणसानं उंबरा ओलांडायचा नाही, मग ती पोराची आई का असेना. दुधाचा तांब्या बाहेरच्या कट्ट्यावर ठेवून मागं फिरायचं. पोरगं तालमीत घालताना बाप मारुतीपुढं नारळ फोडायचा, पोराच्या मुठीत माती द्यायचा आणि वस्ताद त्याला शपथ घालायचा. तालमीतलं तालमीत. तोंडातनं शब्द बाहेर गेला तर मारुती बघून घेईल. मी नऊ वर्षांचा होतो तेव्हा. मारुती नेमकं काय करील ते कुणी सांगितलं नव्हतं, त्यामुळं मला जे जे वाईट सुचायचं ते मी त्यात घालत गेलो. आई मरंल, घर जळंल, माझी जीभ झडंल.

वस्ताद होता नाथाजी. गावाचा फार लाडका माणूस. बेचाळीस साली दोन महिने तुरुंगात जाऊन आलेला, त्यामुळं त्याच्याविरुद्ध बोलणं म्हणजे गावाविरुद्ध बोलणं. म्हाताऱ्या बायांना "आक्का" म्हणायचा, रस्त्यात भेटला तर पोरांच्या डोक्यावरनं हात फिरवायचा. आणि आत दाराला अडसर घातला की आम्ही वीस पोरं एकदम श्वास धरायचो.

तो कधी ओरडला नाही. मला आजही ओरडणाऱ्या माणसाची भीती वाटत नाही, हळू बोलणाऱ्याची वाटते. लढतीत कमी पडलेल्या पोराला तो मऊ आवाजात पुढं बोलवायचा, मातीत पालथं झोपवायचा आणि बरगड्यांच्या खाली टाच रोवायचा. वेताचा वळ दिसतो, टाचेचा दिसत नाही, एवढं त्याला कळत होतं. बाकीच्यांनी जोर काढत राहायचं, मान वर करायची नाही. आणि दुसऱ्या दिवशी त्याच पोराला स्वतःच्या हातानं चार बदाम भरवायचा. "तुझ्यात मला पैलवान दिसतुया रं, म्हणून तर." अहो, ते चार बदाम मिळावेत म्हणून आम्ही एकमेकांवर जळायचो. ज्याला मार बसत नव्हता त्याला वाटायचं, आपल्यात काही दिसतच नाही वस्तादाला.

धुळा हा हरणाबाईचा मुलगा. तेरा वर्षांचा, लहानपणापासून खांद्यावर कोकरं वाहून मान बैलासारखी झालेली. चव्वेचाळीस सालच्या दिवाळीला मेंढरं आली तेव्हा नाथाजीनं त्याला बघितलं आणि बिराप्पाकडं मागितला. धनगराचं पोरगं गावच्या तालमीत, खुराक गावाचा. बिराप्पा हरखून गेला, त्यानं लगेच नारळ फोडला. हरणाबाईला कुणी विचारलं नाही.

महिन्याभरात धुळानं आमच्यातले सगळे चीत केले. मग पौषात त्याचा कान मोडला. पैलवानाचा कान मोडणं म्हणजे मानाची गोष्ट, मातीत घासून घासून तो सुजतो, जाड होतो, आणि लोक म्हणतात की पोरगं आता तयार झालं. धुळाचा कान मातीनं मोडला नव्हता. लढत संपल्यावर त्यानं पाणी मागितलं म्हणून नाथाजीनं खडाव काढून तीनदा हाणली होती. आम्ही बघितलं होतं. बिराप्पानं तो सुजलेला कान बघितला आणि आनंदानं वाड्या-वस्त्यांवर गूळ वाटला. मी पण खाल्ला. नाही खाल्ला तर कुणी कारण विचारील, या भीतीनं खाल्ला.

चैत्राच्या यात्रेला धुळाची कुस्ती लावायची असं नाथाजीनं ठरवलं. जोड होती नदीपलीकडच्या गावातला अठरा वर्षांचा गडी, धुळाच्या दीडपट. यात्रेला आठ दिवस राहिले असताना तालमीत मला त्याच्यासमोर उभं केलं आणि नाथाजी म्हणाला, "ह्याचा हात पिळ. वरडंस्तवर पिळ. मैदानात दया आली तर कामाचा न्हाईस." धुळानं हात पिळला. मी दात आवळले. त्यानं माझ्या तोंडाकडं बघितलं आणि सोडून दिलं.

"सोडलास व्हय," एवढंच नाथाजी म्हणाला.

माझ्यापासून दोन हातांवर हे झालं. पहिल्या टाचेला धुळा कण्हला. तिसऱ्या टाचेला वाळकी काटकी मोडावी तसा आवाज आला आणि तो गप्प झाला. मी जोर काढत होतो. मी काय सांगू तुम्हाला, मी मोजत होतो, सत्तावीस, अठ्ठावीस, एकोणतीस, आणि मान खाली होती.

दुसऱ्या दिवशी धुळाला बदाम मिळाले. यात्रा होतीच.

त्याच आठवड्यात मेंढरं आमच्या गावच्या नानासोच्या रानात बसायला आली. नानासो म्हणजे गावातला मोठा बागाईतदार, तालमीचा खुराक त्याच्याकडचा आणि यात्रेचा पंचही तोच. धुळा आईला भेटायला वाड्यावर, म्हणजे मेंढरांच्या तळावर, गेला. तिनं जवळ घेतलं तसा त्याचा श्वास अडकला. "मेहनतीनं दुखतंय," म्हणाला आणि लगेच परत फिरला. पोरगं आईजवळ जेवायला थांबलं नाही, यावरनंच ती काय ते समजली.

दुपारी मी मोटंवर एकटा होतो. मागनं मेंढरांचा वास आला म्हणून वळलो तर ही उभी.

"तू जोतिबा न्हवं? धुळा तुझं लय सांगतुय."

"व्हय मावशी."

"त्याच्या बरगडीला काय झालंय?"

"मेहनत आसती, मावशी. आमाला समद्यास्नीच दुखतंय."

"दार लावल्यावर आत काय हुतंय?"

"काय न्हाई."

मी बैलांच्या कासऱ्याला हात घातला. तिनं थेट विचारलं, "शपथ घातलीया व्हय?" मी मान खाली घातली. मानेनं हो म्हटलं तरी शपथ मोडते का, हे मला ठाऊक नव्हतं.

ती खाली बसली. माझा सदरा वर केला. म्हणाली, "बरं. बोलू नगंस. मेंढरू तरी कुठं बोलतंय. मी हात लावते. दुखत नसंल तितं न्हाई म्हण. दुखत आसंल तितं गप ऱ्हा. गप ऱ्हाण्यानं काय शपथ मोडत न्हाई."

तिचा हात खरखरीत होता, पण इतका हळू की मला रडूच आलं. मानेवर. "न्हाई." खांद्यावर. "न्हाई." पाठीच्या कण्यावरनं खाली. "न्हाई." मग उजव्या बाजूला बरगड्यांच्या खाली बोटं आली. मी गप्प. ती बोटं तिथंच थांबली. नंतर तिनं डावीकडं तेवढीच जागा चाचपली. मी गप्प.

"ह्येच," ती म्हणाली. "धुळाचं बी हितंच. पर त्याची आत मोडलीया." आणि मग माझ्याशी नाही, स्वतःशीच बोलल्यासारखी म्हणाली, "गेल्या साली एक मेंढी आशीच हुती. बरगडी मोडल्याली कळली न्हाई. नाल्यावरनं उडाली आन् रगात वकून मेली."

यात्रा चार दिवसांवर होती. अठरा वर्षांचा तो गडी धुळाच्या अंगावर पडणार होता.

वाड्यावर नवराबायकोचं काय झालं ते धुळानं मला पुष्कळ वर्षांनी सांगितलं. ती म्हणाली, पोराला घेऊन आत्ता पूर्वेला निघू. बिराप्पा भीतीनं पांढरा पडला. नारळ फोडून दिलेलं पोरगं यात्रेच्या तोंडावर पळवलं तर हे गाव काय, कृष्णाकाठचं एक गाव रानात बसू देणार नाही. पूर्वेला गवताची काडी नव्हती. पाचशे जिवांना कुठं न्यायचं? "आन् कुस्तीत मरतंय व्हय कोण," असं तो म्हणत होता आणि रडत होता. त्याचं खोटं नव्हतं. मी त्याला दोष देत नाही. दोष द्यायचा तर मी मोजलेल्या जोरांपासून सुरुवात करावी लागेल.

बाजारच्या दिवशी पंच पारावर जोडी पक्क्या करायला बसले. नानासो मधे, नाथाजी त्याच्या शेजारी, भोवती पोरांचे बाप. माझे वडील लालासाहेब पण होते. ते फौजेत हवालदार, ब्रह्मदेशाच्या आघाडीवरनं रजेवर आलेले. मी त्यांना वस्तादाइतकाच भीत होतो. ते याच तालमीतले जुने पैलवान, आणि मला तालमीत घालताना त्यांची छाती फुगली होती. आम्ही पोरं बाजूला ओळीनं उभी होतो.

हरणाबाई पारापाशी आली. लुगड्याचा पदर दोन्ही हातांनी धरलेला. बाजारच्या गर्दीत धनगरीण पंचांपुढं उभी राहिली, एवढ्यानंच लोक गोळा झाले.

"मालक, माजं पोरगं कुस्ती धरायचं न्हाई. त्याची बरगडी मोडलीया. वस्तादानं मोडलीया."

नानासोनं कपाळाला आठी घातली. "बाई, पैलवानकीत मार बसायचाच. तुजं पोरगं गावाच्या खुराकावर पोसलंय. आता माघार घ्यायची म्हंजी गावाचं नाक कापायचं. आन् आसलंच बोलायचं आसंल तर तुजी मेंढरं उद्या माज्या रानातनं उठव."

नाथाजी हसला. किती गोड हसायचा तो. "ऱ्हाऊ द्या वो नानासो, आईचं काळीज हाय. पोरगं जरा नाजूक निगालं, त्याला काय करनार. बाकीची पोरं हितं हुबी हायती, त्यास्नी इचारा की." आणि आमच्याकडं वळून म्हणाला, "काय रं पोरांनो, मारतो का मी तुमास्नी?"

"न्हाई, वस्ताद," आम्ही सगळे एका सुरात म्हणालो. सगळ्यात मोठा आवाज माझा होता.

लोक हसले. हरणाबाई हसण्याचा आवाज थांबेपर्यंत थांबली.

"इचारू नगासा," ती म्हणाली. "हात लावा. तुमी समदी जनावरं पाळतासा. बैल इकत घेताना दातापस्नं शेपटापतुर हात फिरवतासा. पोरावरनं कवा फिरवलासा?" मग ती माझ्या वडिलांकडं वळली. "हवालदार, तुमचं पोरगं हितंच हाय. दाबून बघा. दुखत नसंल तर त्यो न्हाई म्हनंल."

मला तिचा इतका राग आला की सांगता सोय नाही. माझं गुपित बाजारात मांडलं, असंच वाटलं. वडील उठले. त्यांच्या बुटांचा आवाज मला आजही ऐकू येतो. त्यांना ते सगळं हास्यास्पद वाटत होतं, चेहऱ्यावर तसं दिसत होतं, बाईचं तोंड एकदा बंद करावं म्हणून ते उठले होते. त्यांनी माझा सदरा वर केला आणि मोठ्यानं विचारलं, "हितं?"

"न्हाई."

"हितं?"

"न्हाई."

हात खाली आला. नाथाजी खाकरला. अडसर घालण्याआधी तो असाच खाकरायचा. माझ्या जिभेवर "न्हाई" तयार होतं. म्हटलं असतं तर सगळं तिथंच मिटलं असतं, मेंढरं उठली असती, धुळा मैदानात उतरला असता आणि मला दुसऱ्या दिवशी चार बदाम मिळाले असते. वडिलांची बोटं उजव्या बरगडीखाली आली.

"हितं?"

मी गप्प राहिलो.

"हितं दुखतंय का न्हाई, बोल की रं."

मी गप्प. भर बाजारात मला लघवी झाली, पायावरनं खाली आली, सगळ्यांनी बघितली. पण मी "न्हाई" म्हणालो नाही. वडिलांनी दुसऱ्या बाजूला हात नेला. बरोबर त्याच जागी, कुणी न सांगता.

मग कुणाचा तरी बाप उठला, त्यानं आपलं पोरगं ओढून घेतलं. मग दुसरा. पारावर बोलणं असं उरलंच नाही. नुसतं "हितं?" आणि "न्हाई", "हितं?" आणि काहीच नाही. वीस पोरांपैकी सतरा त्या जागी गप्प राहिली. नानासोचा नातू त्यांतलाच. नानासोनं त्याच्या पाठीवरचा हात काढला आणि मान खाली घालून बसून राहिला. नाथाजी कधी उठून गेला ते कुणाला कळलं नाही.

धुळानं त्या यात्रेत कुस्ती धरली नाही. पुढंही कधी नाही. अडीच महिने पट्ट्यानं बांधलेला होता. तालमीचं दार गावानं काढून टाकलं, नुसती चौकट ठेवली, आणि दूध आणणाऱ्या बाया उंबऱ्याशी बसायला लागल्या. पण नानासोनं मेंढरांना रानात पुन्हा बसू दिलं नाही. मान खाली घालायला लावणाऱ्या माणसाला कोण जवळ करतं? त्या साली ती माणसं वैशाखातच पूर्वेला गेली आणि वाटेत बरीच मेंढरं मेली. नाथाजीनं नदीच्या खालच्या अंगाला दुसऱ्या एका गावात तालीम काढली. त्याचं पुढं काही झालं नाही, हेही सांगून ठेवतो.

हरणाबाई मात्र दर साली ज्या गावात उतरायची तिथल्या पाणवठ्यावर बायांना एकच सांगायची. पोरगं तालमीतनं आलं की हात फिरवत जा, तोंडाकडं बघू नगा. नाथाजीच्या नव्या गावातही ती मुद्दाम वाट वाकडी करून गेली. तिला मी एकदा विचारलं, मावशी, त्या दिवशी तुला भीती नाही वाटली? ती म्हणाली, "लय. पदर सोडला आसता तर हात थरथरल्याले दिसलं आसतं."

माझ्या वडिलांची रजा त्या आठवड्यात संपली. इस्लामपूरच्या मोटारीपर्यंत मी त्यांची पिशवी घेऊन गेलो. पार सोडल्यापासून ते माझ्याशी एक शब्द बोलले नव्हते. मला वाटत होतं, भर बाजारात मुतलो म्हणून त्यांना माझी लाज वाटते. मोटार दिसायला लागली तेव्हा ते थांबले, पिशवी घेतली आणि माझ्याकडं न बघता म्हणाले, "माज्या वक्ताला नाथाजीचा बाप वस्ताद हुता. माजं बी हितंच दुखायचं, जोतिबा. आन् तरी मी तुला तितं घातलं."

मोटार आली. ते चढले आणि आतल्या बाजूला बसले.

ते ब्रह्मदेशातनं परत आले नाहीत.